नळाचें पाणी आणि घरची चूल

शहरांत नळ येण्यापूर्वीं पाण्याची पारख घरांतच होत असे. विहिरीवरून किंवा नदीवरून आणलेली घागर उतरली कीं घरची गृहिणी तिच्यांत डोकावून पाही. पाणी गढूळ असेल तर त्यांत तुरटी फिरवी किंवा निवळीची बी उगाळून घाली, आणि धुवट फडक्याच्या दुहेरी पदरांतून तें गाळून मगच माठांत भरी. ही पारख शास्त्राच्या कसोटीस उतरणारी होती असें नाहीं. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यानेंहि त्या काळीं गांवेंच्या गांवें ओस पडत. परंतु पाणी आणि ओठ यांच्यामध्यें कोणी तरी पहारा करावयाचा असतो, ही जाणीव त्या नित्याच्या कामांत होती. नळ आला आणि पहाऱ्याचें काम घरांतून उठून नगरपालिकेच्या जलखात्याकडे गेलें. घरानें केवळ तोटी फिरवावयाची आणि विश्वास ठेवावयाचा.

हा विश्वास बहुतेक दिवशीं सार्थ ठरतो. शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यानें जितके प्राण वांचविले तितके फारच थोड्या शोधांनीं वांचविले असतील. पण ज्या दिवशीं तो विश्वास ढळतो त्या दिवशीं काय होतें, आणि त्या वेळीं माणसें कशानें वांचतात, याचा इतिहास कांहीं शहरांनीं आपल्या प्राणांच्या मोलानें लिहून ठेवला आहे. त्यांत जर्मनीतील हँबुर्ग शहराचें नांव पहिलें घ्यावें लागतें.

हँबुर्ग हें एल्ब नदीवरील मोठें बंदर. १८४२ सालीं लागलेल्या आगीनें शहराचा बराच भाग भस्मसात् झाला. तो नव्यानें वसवितांना विल्यम लिंडले या इंग्रज अभियंत्यानें तेथें भुयारी गटारें बांधलीं आणि १८४८ पासून घरोघरीं नळ नेले. नदीचें पाणी शहराच्या वरच्या अंगास उपसून घ्यावयाचें, हौदांत कांहीं काळ निवूं द्यावयाचें आणि नळांत सोडावयाचें, अशी ती योजना होती. तिच्यांत वाळूच्या गाळण्या नव्हत्या. परिणामीं पाण्याबरोबर नदींतील जीवसृष्टीहि नळांतून वाहूं लागली. १८८५ सालीं कार्ल क्रेपलिन नांवाच्या प्राणिशास्त्रज्ञानें हँबुर्गच्या नळांत राहणाऱ्या प्राण्यांवर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला! किडे, गोगलगाई, इतकेंच काय पण वाम मासेहि त्या नळांत सुखानें नांदत होते. लोक त्यावर विनोद करीत आणि तेंच पाणी पीत.

गाळण्या बसवाव्या अशी सूचना कोणी केली नव्हती असें नाहीं. प्रश्न खर्चाचा होता. हँबुर्ग हें त्या वेळीं जर्मन साम्राज्यांतील एक स्वायत्त नगरराज्य होतें. व्यापारी, वकील आणि घरमालक यांच्या हातीं तेथील कारभार होता. गाळण्यांचा भार कोणी सोसावा यावर कित्येक वर्षें वाद चालला. त्यांतच त्या काळचे नामांकित आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांचें मत आड आलें. पटकीचा उगम जमिनींत होतो, दूषित भूमीला विशिष्ट हवामानाची जोड मिळाल्यावांचून ती सांथ पसरत नाहीं, पाण्याला त्यांत मुख्य स्थान नाहीं, असें ते प्रतिपादन करीत. उलट रॉबर्ट कॉख यांनीं १८८४ सालीं कलकत्त्यास एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचे जंतु प्रत्यक्ष शोधून काढले होते. दोन पंडितांचा वाद चालूं असला म्हणजे ज्याला खर्च नको आहे त्यास स्वस्त मत पटतें. अखेर १८९० सालीं हँबुर्गनें गाळण्या बांधण्याचा निर्णय घेतला. काम सुरू झालें, परंतु पटकी त्याच्या समाप्तीसाठीं थांबली नाहीं.

१८९२ चा ऑगस्ट महिना असह्य उकाड्याचा होता. नदीचें पाणी उतरलें होतें. समुद्राची भरती आली कीं एल्बचा प्रवाह उलटा फिरे, आणि बंदरांतील जहाजांची व शहराच्या गटारांची घाण वरच्या अंगास, जेथें पिण्याचें पाणी उपसलें जाई त्या मुखापर्यंत चढे. महिन्याच्या मध्यास पटकीचे पहिले रोगी दिसूं लागले. कांहीं डॉक्टरांना रोगाची ओळख लागलीच पटली. पण सरकारी मान्यता मिळेना. बंदरांत पटकी आहे असें जाहीर करणें म्हणजे जगांतील प्रत्येक बंदर हँबुर्गच्या जहाजांना बंद करणें, हें व्यापाऱ्यांचें भय उघड होतें. सुमारें एक आठवडा अशा मौनांत गेला. त्या आठवड्यांत ‘मोराव्हिया’ नांवाचें जहाज, बंदरांत कोणताहि सांथीचा रोग नाहीं अशा दाखल्यानिशीं, शेंकडों देशांतरितांना घेऊन न्यूयॉर्कच्या वाटेला लागलें. तें तेथें पोंचण्यापूर्वींच बावीस उतारू दगावले होते. आणि त्याच आठवड्यांत शहरांतील प्रत्येक तोटी रोज सकाळीं पूर्वीप्रमाणें उघडली जात होती.

२३-२४ ऑगस्टच्या सुमारास सांथ अधिकृतपणें मान्य झाली आणि साम्राज्य सरकारनें बर्लिनहून कॉख यांस पाठविलें. त्यांनीं जे उपाय सांगितले त्यांत नवें यंत्र नव्हतें कीं नवें औषध नव्हतें. नळाचें पाणी उकळल्यावांचून पिऊं नये, त्यानें भांडीं वा फळें धुऊं नयेत, हा मुख्य उपदेश होता. रस्त्यांवर उकळलेल्या पाण्याच्या गाड्या उभ्या करण्यांत आल्या. ज्या कामगार पक्षाला सरकार एरव्हीं शत्रु मानी त्याच पक्षाच्या कार्यकर्त्यांनीं हा निरोप छापील पत्रकांच्या द्वारें गल्लोगल्लीं पोंचविला. परंतु निरोप पोंचला तेव्हां रोग घरांत शिरून चुकला होता. ऑगस्टच्या अखेरीस एकेका दिवशीं हजाराच्या घरांत नवे रोगी आढळत होते. सांथ ओसरेपर्यंत सुमारें १७,००० माणसें आजारी पडलीं आणि ८,६०५ मरण पावलीं.

हे मृत्यु शहरांत सारखे वांटले गेले नाहींत. नळ श्रीमंताच्या घरीं होता तसाच गरिबाच्या चाळींतहि होता, आणि पाणी एकच होतें. पण पाणी उकळावयास सरपण लागतें, मोठें भांडें लागतें, तें निववून ठेवावयास जागा लागते आणि हें सारें दिवसांतून दोन वेळां करावयास कोणाचा तरी हात मोकळा असावा लागतो. मोलकरणी पदरीं असलेल्या घरांना हें जमलें. बंदरावर दिवसभर राबणाऱ्या, एकाच खोलींत पांच-सहा माणसें राहणाऱ्या कुटुंबांना तें जमणें कठीण होतें. उत्पन्न जसजसें कमी तसतसें रोगाचें प्रमाण अधिक, असें पुढें आंकड्यांवरून स्पष्ट झालें. ‘पाणी उकळून प्या’ हा उपदेश उच्चारावयास फुकट असला तरी आचरावयास फुकट नसतो, ही गोष्ट तेव्हांपासून कोणाहि विचारी शासनानें विसरतां कामा नये होती.

हँबुर्गला लागूनच आल्टोना नांवाचें दुसरें शहर होतें. तें प्रशियाच्या राज्यांत मोडे. दोहोंच्या मध्यें नदी नव्हती, तट नव्हता. कांहीं ठिकाणीं केवळ एका रस्त्यानें हद्द दाखविली जाई. आल्टोनाचें पाणी तर हँबुर्गहून वाईट, कारण तें नदीच्या खालच्या अंगास, दोन्ही शहरांची गटारें पोटांत घेऊन आलेल्या प्रवाहांतून उपसलें जाई. मात्र आल्टोनाकडे वाळूच्या गाळण्या होत्या. त्यांतून सावकाश झिरपलेलें पाणीच नळांत सोडलें जाई. सांथीच्या दिवसांत हद्दीच्या रस्त्याच्या एका बाजूस घरोघरीं प्रेतें निघत होतीं आणि दुसऱ्या बाजूचीं घरें जवळजवळ मुक्त राहिलीं. त्याहून विलक्षण प्रकार हँबुर्गच्या हद्दींतील एका चाळीचा. तिच्यांत तीन-साडेतीनशें गरीब माणसें राहत. पण नळाच्या सोयीसाठीं तिला पाणी आल्टोनाहून मिळे. त्या चाळींत पटकी शिरली नाहीं. एकच हवा, एकच जमीन, एकच दारिद्र्य. फरक फक्त नळाचा. १८५४ सालीं लंडनमध्यें जॉन स्नो या डॉक्टरानें नकाशांवरून आणि मृत्यूंच्या याद्यांवरून जें सिद्ध करण्याची शिकस्त केली होती, तें येथें रस्त्याच्या दोन बाजूंनीं आपोआप सिद्ध केलें.

तरी पेटेनकोफर आपल्या मतापासून ढळले नाहींत. त्याच वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं, त्यांनीं पटकीच्या जंतूंचें पाणी साक्षीदारांसमोर पिऊन टाकलें. त्यांना थोडा अतिसार झाला आणि ते बरे झाले. आपलें मत सिद्ध झालें असें त्यांनीं मानलें. परंतु एका माणसाचें दैव म्हणजे शहराचें आरोग्य नव्हे, हें आठ हजारांहून अधिक थडगीं सांगत होतीं. १८९३ सालीं एल्बमधील कालटेहोफे बेटावर हँबुर्गच्या गाळण्या सुरू झाल्या.

यानंतर शहरांच्या पहाऱ्यास दुसरा शिपाई मिळाला तो क्लोरीनचा. १८९७ सालीं इंग्लंडमधील मेडस्टन येथें विषमज्वराची सांथ आली असतां नळांचें जाळें ब्लीचिंग पावडरच्या द्रावणानें धुऊन काढण्यांत आलें. १९०५ सालीं लिंकन शहरांत अशाच सांथीच्या वेळीं पाण्यांत क्लोरीन मिसळण्याचें काम सतत चालूं ठेवण्यांत आलें. आणि १९०८ मध्यें अमेरिकेंतील जर्सी सिटीनें सांथ असो वा नसो, रोजच्या पाण्यास तो देण्याची पद्धत सुरू केली. वाळू आणि क्लोरीन या जोडीनें जेथें जेथें नीट काम केलें तेथें पटकी व विषमज्वर हे नळाच्या वाटेनें येण्याचे बंद झाले. पाण्याला येणारा किंचित् उग्र वास हीच लोकांच्या मनांत शुद्धतेची खूण ठरली. पण या खुणेवरचा भरंवसाहि किती ठेवावा, हें पुढें दिल्लीनें दाखविलें.

१९५५ सालच्या पावसाळ्यानंतर दिल्लीजवळ यमुनेच्या पात्रानें वळण बदललें. शहराचें पाणी वजीराबाद येथें नदींतून उपसलें जाई आणि नजफगढचा मोठा नाला त्याच्या खालीं नदीस मिळे. नोव्हेंबर महिन्यांत त्या नाल्याचें मैलापाणी उलट दिशेनें उपशाच्या मुखाशीं येऊन पोंचलें आणि सुमारें आठवडाभर नदीच्या पाण्यांत मिसळत राहिलें. जलखात्याच्या लक्षांत ही गोष्ट आली. त्यांनीं तुरटीचें आणि क्लोरीनचें प्रमाण वाढविलें. त्यांच्या या दक्षतेचा परिणामहि झाला, कारण शहरांत विषमज्वर वाढला नाहीं कीं जंतुजन्य आमांश वाढला नाहीं. संकट टळलें असेंच कोणासहि वाटलें असतें.

डिसेंबर उजाडला आणि दिल्लींत कावीळ सुरू झाली. डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत डोळे व त्वचा पिवळी पडलेल्या रोग्यांची संख्या सुमारें २९,३०० झाली, असें डॉ. विश्वनाथन् यांनीं पुढें केलेल्या पाहणींत नमूद आहे. गरोदर स्त्रियांवर या काविळीचा घाला विशेष क्रूर होता. क्लोरीनच्या त्या मात्रेनें जंतु मारले होते. परंतु जंतूंहून कितीतरी सूक्ष्म असा एक विषाणु त्या पहाऱ्यांतून सहीसलामत आंत शिरला होता.

तो विषाणु कोणता, हें ठरावयास पांव शतक लागलें, आणि त्या शोधांत पुण्याचा वांटा आहे. दिल्लीच्या सांथींतील रोग्यांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. १९७५-७६ मध्यें अहमदाबादेस आणि १९७८-७९ मध्यें पुण्यास काविळीच्या सांथी आल्या, तेव्हांचेहि नमुने जमा झाले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंतील आणि अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं ते सारे एकत्र तपासून १९८० सालीं दाखवून दिलें कीं, ही कावीळ तोंवर माहीत असलेल्या दोन्ही प्रकारांपैकीं नव्हे. हा रोग वेगळा आहे. त्याच वर्षीं डॉ. खुरू यांनीं काश्मीरमधील १९७८ च्या सांथीवरून हाच निष्कर्ष स्वतंत्रपणें काढला. १९८३ सालीं सोव्हिएत रशियांतील शास्त्रज्ञ मिखाईल बलायान यांनीं रोग्यांच्या मलापासून तयार केलेलें द्रावण स्वतः प्राशन केलें, स्वतः काविळीनें आजारी पडले, आणि आपल्याच मलांत तो विषाणु सूक्ष्मदर्शकाखालीं दाखविला. पेटेनकोफर यांनीं रोगाचें कारण नाकारण्यासाठीं पेला ओठांस लावला होता. बलायान यांनीं तें शोधण्यासाठीं लावला. आज त्या रोगास ‘हेपॅटायटिस ई’ म्हणतात.

दिल्लीच्या प्रकरणांतील सर्वांत बोचणारी गोष्ट मात्र तिथींची आहे. पटकी पोटांत गेल्यापासून कांहीं तासांत ते पांच दिवसांत प्रकट होते. ही कावीळ बहुधा पांच-सहा आठवडे दबा धरून बसते. नोव्हेंबरांत पाणी बिघडलें, आणि रोगी दिसूं लागले तोंवर नदीचें पाणी केव्हांच पूर्ववत् झालें होतें. म्हणजे पहिला रोगी पाहून ज्या गृहिणीनें पातेलें चुलीवर चढविलें असेल, ती स्वच्छ झालेलें पाणी उकळीत होती. जें उकळावयास हवें होतें तें केव्हांच पिऊन झालें होतें. घरच्या चुलीचा उपयोग व्हावयाचा तर तिला वर्दी रुग्णालयाकडून मिळून भागत नाहीं. ती नदीकडून, पाणी उपसणाऱ्या माणसाकडून, पाणी बिघडल्याच्या दिवशींच मिळावी लागते.

हाच धडा १९९३ सालीं अमेरिकेंतील मिलवॉकी शहरानें गिरविला. तेथें मिशिगन सरोवराचें पाणी गाळून, क्लोरीन घालून पुरविलें जाई. मार्चच्या अखेरीस एका शुद्धिकेंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला. पण तो त्या वेळच्या नियमांच्या मर्यादेंत होता. गांवांत जुलाबाच्या औषधांचा खप एकाएकीं वाढला, शाळा-कचेऱ्या ओस पडूं लागल्या; ७ एप्रिल रोजीं पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली. क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा एक परोपजीवी त्या पाण्यांत होता, आणि त्याच्या टणक कवचापुढें क्लोरीन निष्प्रभ ठरतो. सुमारें चार लाख माणसें आजारी पडलीं असा अंदाज पुढें बांधण्यांत आला. ज्यांची प्रतिकारशक्ति आधींच क्षीण होती त्यांतील कित्येक दगावलीं. सुबत्ता, यंत्रें, प्रयोगशाळा यांपैकीं कशाचीहि त्या शहरांत वाण नव्हती. वाण होती ती गढूळपणाच्या पहिल्या दिवशीं निघणाऱ्या एका वाक्याची.

भारतीय शहरांत या धोक्याला आणखी एक वाट आहे. येथील बहुतेक नळांना दिवसांतून कांहीं तासच पाणी येतें. नळ भरलेला असतो तेव्हां आंतील दाब फुटक्या सांध्यांतून पाणी बाहेर ढकलतो. पुरवठा थांबला कीं तोच नळ बाहेरचें ओढून घेऊं लागतो, आणि शेजारीं गटार झिरपत असेल तर तें आंत शिरतें. नळाला परस्पर विजेचा पंप लावून पाणी खेंचणारें घर ही ओढ अधिकच वाढवितें आणि आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्या पेल्यांतहि घाण आणतें. शुद्धिकेंद्रांतून निघालेलें पाणी निर्दोष असूनहि तोटीशीं पोंचलेलें पाणी सदोष असूं शकतें, तें यामुळें. जानेवारी २०२५ मध्यें पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरांत हातापायांतील बळ हरण करणाऱ्या गियाँ-बारे विकाराचे रोगी एकाएकीं वाढले. पुणें भागांत दोनशेंहून अधिक संशयित रोगी नोंदले गेले. कांहींच्या तपासणींत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जंतु सांपडला, पाण्याकडे संशय वळला, आणि अधिकाऱ्यांनीं दिलेला पहिला सल्ला १८९२ सालींच्या हँबुर्गचाच होता: पाणी उकळून प्यावें.

सव्वाशें वर्षांत हा सल्ला बदलला नाहीं याचें कारण साधें आहे. क्लोरीनला कोणता जंतु दाद देतो आणि कोणता देत नाहीं, याचा विचार करावा लागतो. उकळी तसा भेद करीत नाहीं. पटकी, विषमज्वर, कावीळ, क्रिप्टोस्पोरिडियम या साऱ्यांना ती सारखीच मारक आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर तें एक मिनिट तसेंच ठेवलें कीं पुरे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच असलेल्या गांवीं, जेथें पाणी कमी उष्णतेवर उकळतें, तेथें तीन मिनिटें. केवळ वाफ दिसणें किंवा बुडाशीं बुडबुडे येणें म्हणजे उकळी नव्हे. पाणी गढूळ असेल तर आधीं निवळूं द्यावें, गाळावें आणि मग उकळावें.

वस्त्रगाळ करण्याची जुनी चाल निरर्थक होती असेंहि आतां म्हणतां येत नाहीं. बांगलादेशांत जुन्या साडीच्या अनेक पदरी घडींतून पाणी गाळणाऱ्या खेड्यांत पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटल्याचें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. कारण पटकीचे जंतु पाण्यांतील ज्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात ते जीव त्या घडींत अडकतात. पण सुटा जंतु आणि विषाणु कापडांतून सहज पार होतात. म्हणून फडकें हा उकळण्याचा मदतनीस आहे, त्याचा पर्याय नव्हे.

उकळून ठेवलेलें पाणी घरांतच पुन्हां बिघडतें, इकडे पुष्कळदां दुर्लक्ष होतें. तें शक्य तर उकळलेल्या भांड्यांतच झांकून निववावें, लांब दांड्याच्या ओगराळ्यानें काढावें, आंत हात किंवा पेला बुडवूं नये. संशयाच्या दिवसांत दांत घासणें, चूळ भरणें, तान्ह्या मुलाचें दूध करणें, कोशिंबिरीची भाजी धुणें यांसहि तेंच पाणी वापरावें. शीतपेटींतील आधींचा बर्फ फेंकून द्यावा, कारण गोठल्यानें सारे जंतु मरत नाहींत. सरपण किंवा वायु नसेल तेथें क्लोरीनच्या गोळ्या उपयोगीं पडतात. गोळी विरघळल्यावर वेष्टणावर सांगितलेला वेळ, बहुधा अर्धा तास, पाणी तसेंच ठेवावें लागतें. आणि एक मर्यादा नीट लक्षांत ठेवावी. शिसें, कीटकनाशकें, कारखान्यांतील रसायनें यांवर उकळीची मात्रा चालत नाहीं. पाणी आटल्यानें त्यांचें प्रमाण उलट किंचित् वाढतें. अशा प्रसंगीं ‘उकळून प्या’ नव्हे, तर ‘पिऊंच नका’ असाच निरोप यावयास हवा, आणि दुसरें पाणी दारीं यावयास हवें.

म्हणजे फिरून गोष्ट निरोपापाशींच येते. शहराची गाळणी आणि घरची चूल हे पाण्याचे दोन पहारेकरी आहेत. पहिला झोपला तर दुसऱ्यास जागें करतां येतें. पण दुसऱ्यास हांक मारणारें कोणी तरी असावें लागतें. ज्या शहरांत पाणी बिघडल्याची बातमी लपविणें हें शहाणपणाचें मानलें जातें तेथें दुसरा पहारेकरी उशाशीं काठी घेऊन निजलेलाच राहतो. लोक घाबरतील ही सबब हँबुर्गच्या सत्ताधीशांच्याहि तोंडीं शोभण्यासारखी होती. पण घाबरलेलीं माणसें पाणी उकळतात, आणि निश्चिंत माणसें तें पितात.

कालटेहोफे बेटावरील वाळूचे ते हौद पुढें १९९० पर्यंत हँबुर्गचें पाणी गाळीत राहिले. आतां तेथें एक संग्रहालय आहे. ते हौद एक वर्ष आधीं पुरे झाले असते तर हँबुर्गचे बहुतेक मृत्यु टळले असते. उकळण्याचा निरोप एक आठवडा आधीं निघाला असता तरी त्यांतील पुष्कळ टळले असते. आणि या दुसऱ्या गोष्टीला सरकारी तिजोरींतून जवळजवळ कांहींच खर्चावें लागलें नसतें.